नाणे कोणी द्यावे?

जर्मनीत स्थिरावलेल्या मराठी माणसाला एक सवय हमखास लागते. खिशात पन्नास सेंटचे एखादे नाणे राखून ठेवायचे. स्टेशनवर, बाजारात, वेळ आली की ते उपयोगी पडते. महामार्गावरच्या बऱ्याच विश्रांतिस्थानांवर तर २०२२ पासून एक युरो मोजावा लागतो; कूपन मिळते म्हणा. आपण कुरकुरतो आणि देतो. स्वच्छता हवी तर पैसे मोजावेत, हे आपल्याला पटलेले असते.

हाच न्याय आपण भारतात लावू शकतो का?

मुंबईत २०११ साली अनेक संस्थांनी मिळून ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. सार्वजनिक स्वच्छतागृहांत पुरुषांना मुतारी फुकट, बायकांकडून मात्र पैसे, ही त्यांची एक मुख्य तक्रार होती. रक्कम दोन-पाच रुपयांचीच. पण दिवसभर फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईला ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. मग ती पाणी पिणेच टाळते. त्यातून होणारे मूत्रमार्गाचे आजार तिच्या हिशेबात धरायला नकोत का?

यावर कुणी म्हणेल, मुतारीला खर्च कमी, दार-कडीच्या खोलीला जास्त, म्हणून दर वेगळा. हिशेब म्हणून हे चुकीचे नाही. परंतु बाईचा जन्म तिने मागून घेतलेला नसतो. निसर्गाने दिलेल्या देहाचा भुर्दंड तिनेच का सोसावा?

मला वाटते, मुळात नाणे दाराशी मागणेच चूक आहे. आखनच्या रस्त्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात चालताना आपल्याकडे कुणी पैसे मागत नाही. दिव्यांना खर्च येतोच. तो आपण सारे करातून देतो. स्वच्छतागृहाचेही तसेच असावे. सफाई करणाऱ्याला पगार मिळालाच पाहिजे आणि तो चांगला मिळाला पाहिजे. पण तो नगराच्या तिजोरीतून, अडलेल्या माणसाला दारात थांबवून नव्हे.

विद्या बाळ यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाने हा प्रश्न कोर्टात नेला. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे पुरवणे हे महापालिकांचे कर्तव्य ठरवले. म्हणजे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

परदेशातली आपली मंडळे कधी गावाकडे शौचालय बांधायला देणगी देतात. जरूर द्यावी. मात्र देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: पाणी कुठून येणार, सफाईचा पगार कोण देणार आणि आत जाणाऱ्या बाईकडून पैसे घेणार का? भिंतीवर आपल्या मंडळाचे नाव कोरायचे की नाही, ते नंतर ठरवू.