गाळावर उतरलेले पाहुणे

नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. ब्रिटिश काळात तो बांधला गेला शेतीला पाणी मिळावं म्हणून. पक्षी कुणाच्याच हिशेबात नव्हते. नद्या वर्षानुवर्षं गाळ आणत राहिल्या, जलाशय उथळ होत गेला. पाणी साठवणाऱ्यांच्या दृष्टीनं हे नुकसानच. पण त्याच गाळात पाणवनस्पती रुजल्या, गोगलगायी आणि किडे वाढले, आणि थंडीत दूरदेशीची पाखरं इथं उतरू लागली. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा.

इथं येणाऱ्या पट्टकदंबाबद्दल मला अपार आदर वाटतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडून येतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजनही घट्ट धरून ठेवतं. एवढी उंची पार करून तो आपल्या शेताकडेच्या चिखलात चरायला येतो! शेजारी थापट्या बदक पसरट चोचीनं पाणी गाळत असतं, चक्रवाक जोडीनं फिरत असतात.

जानेवारीत जरूर जा, उजाडता उजाडता. दुर्बीण घ्या, भडक कपडे टाळा. आणि गावातला वाटाड्या सोबत असू द्या. कुठला थवा कुठल्या काठाला बसतो, हे त्याला नेमकं ठाऊक असतं.