कर्णा स्पष्ट वाजला पाहिजे

सामान्य काळातील सहावा रविवार (मत्तय ५:१७-३७)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दोन गोष्टींविषयी शिकवतो. एक राग आणि दुसरी बोलणे. भावावर राग धरणाऱ्याला तो सावध करतो, आणि वाचनाच्या शेवटी सांगतो की आपल्या होकाराचा अर्थ होकार असावा आणि नकाराचा अर्थ नकार. या दोन्ही गोष्टी आपण वेगवेगळ्या ऐकतो, पण त्यांचे नाते जवळचे आहे. जेथे बोलणे सरळ नसते तेथे राग साचतो. आणि राग साचला की पुढचे खरे बोलणेही कोणी ऐकत नाही.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१४:८) रणांगणावरचे उदाहरण दिले आहे. कर्ण्याचा आवाजच संदिग्ध असेल तर शिपाई लढाईला तयार कसा होणार, असा त्याचा प्रश्न आहे. कर्णा वाजवणारा कितीही शूर असो, त्याचा हेतू कितीही चांगला असो, सूर ओळखू आला नाही तर सैन्य गोंधळते. पौल हे उपासनेतल्या बोलण्याविषयी लिहीत होता. पण ज्याच्या शब्दावर माणसांचे जीवन अवलंबून असते अशा प्रत्येकाला ते लागू पडते.

कोरोनाच्या टाळेबंदीला आता पाच-सहा वर्षे झाली. तरी घरोघरी विषय निघाला की आवाज चढतो. विशेष म्हणजे लोकांची तक्रार बहुधा टाळेबंदीविषयी नसते. "घरात बसा म्हटले, बसलो. पण आम्हाला नीट सांगायला काय झाले होते?" अशी ती तक्रार असते. उपवासकाळ तीन दिवसांवर आला आहे. येत्या बुधवारी कपाळाला राख लावून घेण्याआधी या जुन्या रागाकडे देवाच्या वचनाच्या उजेडात पाहणे बरे, असे आम्हाला वाटते.

लोक का रागावले?

प्रथम एक चांगली गोष्ट आठवू या. १९ मार्च २०२० रोजी पंतप्रधानांनी जनता संचारबंदी जाहीर केली. ती रविवारी, २२ मार्चला, सकाळी सात ते रात्री नऊ अशी होती. दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि मध्ये तयारीला तीन दिवस. लोकांनी ती पाळली. कर्णा स्पष्ट वाजला की सामान्य माणूस ऐकतो, याचा हा पुरावा आहे.

दोनच दिवसांनी, २४ मार्चला रात्री आठ वाजता, देशभर टाळेबंदी जाहीर झाली. ती त्याच मध्यरात्रीपासून लागू होणार होती. चार तासांत १३० कोटींहून अधिक लोकांच्या देशाने थांबायचे होते. दूध मिळेल का, औषधांची दुकाने उघडी राहतील का, हे ऐकणाऱ्याच्या मनातले पहिले प्रश्न. त्यांची उत्तरे भाषणातून नीट कळली नाहीत, म्हणून ज्या गर्दीला टाळायचे होते तीच गर्दी त्या रात्री वाण्याच्या दुकानांपुढे जमली. खुलासे मागाहून आले.

एकवीस दिवस सांगितले होते. ते प्रथम ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे असे वाढत गेले. एकूण अडुसष्ट दिवस झाले. निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे सुरुवातीला सांगत होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी शिवलेला मास्क वापरा असा सल्ला आला, आणि ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला. ३० मार्चला मुंबई महापालिकेचे एक परिपत्रक निघाले. कोरोनाने मरण पावलेल्या कोणत्याही धर्माच्या व्यक्तीचे दहनच करावे, असा त्याचा आशय होता. काही तासांतच ते बदलून दफनाला अटींसह मुभा देण्यात आली. पण मधल्या काही तासांत ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनाला जो घोर लागला, तो दुसऱ्या परिपत्रकाने लगेच गेला नाही.

पुढे ४ मेपासून दारूची दुकाने उघडायला मुभा मिळाली. मुंबईत इतक्या रांगा लागल्या की दोन दिवसांतच ती पुन्हा बंद करावी लागली. प्रार्थनास्थळे मात्र महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. चर्च बंद ठेवण्यामागे कारण होते. बंद जागेत, पुष्कळ लोकांनी एकत्र गाण्याने हा रोग पसरतो हे खरेच आहे. पण हे कारण श्रद्धावंतांना कोणी समोर बसून समजावले नाही. ते फक्त रांगा पाहत राहिले.

निकष काय लावायचा?

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. रोग नवीन होता. डॉक्टरांचेही ज्ञान दर आठवड्याला बदलत होते. मास्कविषयीचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेलाही जून २०२० मध्ये बदलावा लागला. नवी माहिती मिळाल्यावर मत बदलणे म्हणजे खोटेपणा नव्हे. मग दोष कशात होता? मत बदलण्यात नाही, तर काल असे का सांगितले आणि आज वेगळे का सांगतो, हे न सांगण्यात. "आम्हाला अजून माहीत नाही" हे तीन-चार शब्द अधिकारावरच्या माणसाला फार जड जातात. पण लोकांचा विश्वास त्याच शब्दांवर टिकतो.

लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपल्याला कंटाळवाणा वाटतो. त्वचेच्या रोगांचे बारीक नियम त्यात आहेत. पण टाळेबंदीनंतर तो पुन्हा वाचून पाहा. संशयित रोग्याला सात दिवस वेगळे ठेवायचे. सातव्या दिवशी याजकाने स्वतः जाऊन पाहायचे. खात्री नसेल तर आणखी सात दिवस. बरा झाला तर त्याला शुद्ध ठरवायचे. आणि चौदाव्या अध्यायात त्याला पुन्हा लोकांत आणण्याचा विधीही दिला आहे. किती दिवस, कोण तपासणार, कशावरून ठरवणार आणि परत कसे यायचे, हे सारे त्यात आहे. दूर ठेवण्याचा नियम कठोर होता. तरी परतीची वाट त्यातच सांगितली होती.

दुसरा निकष मोशेच्या गोष्टीत सापडतो. निर्गम ६:९ मध्ये मोशे लोकांना सुटकेची खरी बातमी सांगतो, तरी ते ऐकत नाहीत. ते हट्टी होते म्हणून नव्हे. कष्टांनी त्यांचे मन खचले होते, असे कारण पवित्र शास्त्र देते. सांगणाऱ्याने आधी ऐकणाऱ्याची पाठ पाहिली पाहिजे, तिच्यावर किती ओझे आहे ते.

"घरात राहा" हा संदेश ज्यांना घर होते त्यांच्यासाठी होता. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण पाळीपाळीने झोपणाऱ्या मजुराला, रोजंदारी बुडाल्यावर मालकाने खोली सोडायला लावलेल्या माणसाला, तो संदेश काय सांगत होता? १४ एप्रिलला, मुदत वाढल्याच्या दिवशी, वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले. गावी जायला गाड्या सुटणार, अशी बातमी पसरली होती. गाडी नव्हती, लाठी होती. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या, तरी त्यांत जागा कशी मिळवायची हे कित्येकांना कळले नाही आणि ते रुळांवरून चालत राहिले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न विचारला गेला, तेव्हा घरी परतणाऱ्या मजुरांच्या मृत्यूंची माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर मिळाले. ज्यांच्याशी कोणी बोलले नव्हते, त्यांची मोजदादही झाली नाही. आपला प्रभू एकेक मेंढराला नावाने हाक मारतो. म्हणून ही गोष्ट आपण राजकारण म्हणून बाजूला सारू शकत नाही.

मुकेपणाची जागा अफवा घेते

अधिकृत कर्णा अस्पष्ट वाजला की गल्लीगल्लीत दुसरे कर्णे वाजू लागतात. आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० च्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना ठार केले. मुले पळवणारे, चोर फिरत आहेत अशी अफवा त्या भागात कित्येक दिवस पसरत होती. रस्ते बंद, लोक घाबरलेले, खरे सांगणारा जवळ कोणी नाही. अफवा पसरवणाऱ्याने कदाचित काळजीपोटी ती पुढे पाठवली असेल. तिघांचे प्राण मात्र गेले. दोष फक्त दिल्ली-मुंबईतल्या बोलण्याला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही, ते याचसाठी.

राग पाप आहे का?

येशूने स्वतः मंदिरातल्या व्यापाऱ्यांवर कोरडा उगारला. अन्यायाविरुद्धचा राग पाप नव्हे. आजच्या शुभवर्तमानात तो ज्याचा निषेध करतो तो राग दुसऱ्याला तुच्छ लेखणारा आहे, भावाला मूर्ख ठरवून त्याच्याशी नाते तोडणारा. त्या काळात तोही राग आपण पाहिला. तो बहुधा चुकीच्या माणसावर निघाला. बंदोबस्तावरचा पोलीस हवालदार, घरोघरी ताप मोजत फिरणाऱ्या आशाताई, रुग्णालयाच्या दारातला पहारेकरी यांनी नियम केले नव्हते. पण शिव्या त्यांना खाव्या लागल्या. त्यांतल्या काहींनी आजार घरी नेला, काही परतलेच नाहीत.

नीतिमान रागाला वाट असते. तो योग्य दारात जाऊन योग्य शब्दांत प्रश्न विचारतो. मजुरांचे हाल पाहून अनेकांनी असे प्रश्न विचारले. मे २०२० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मजुरांकडून भाडे घेऊ नका असे सांगितले, आणि ९ जूनला त्यांना पंधरा दिवसांत गावी पोहोचवण्याचा आदेश दिला. उशीर झाला होता हे खरे. पण शिवीने जे झाले नसते ते प्रश्नाने झाले. ग्रामसभा, प्रभागाची सभा, माहितीचा अधिकार, मतदान ही ख्रिस्ती माणसाचीही साधने आहेत. सत्ताधाऱ्यांसाठी प्रार्थना करा असे संत पौल तिमथ्याला सांगतो. त्यांना प्रश्न विचारू नका असे सांगत नाही.

आपला कर्णा

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या चौकात, एकटे उभे राहिले. वादळात सापडलेल्या शिष्यांचे शुभवर्तमान त्यांनी निवडले होते. सारे लवकरच ठीक होईल असे खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही. शिष्य घाबरले होते, आपणही घाबरलो आहोत, हे त्यांनी मान्य केले आणि मग प्रभूकडे बोट दाखवले. २१ एप्रिल २०२५ रोजी ते देवाघरी गेले. त्या संध्याकाळचे त्यांचे बोलणे लोक अजून आठवतात, कारण त्यात भीती लपवलेली नव्हती.

आजच्या पहिल्या वाचनात बेन सिरा सांगतो की देवाने माणसापुढे आग आणि पाणी ठेवले आहे. हात कोठे घालायचा ते त्याने ठरवावे. जीभही तशीच आहे. आपल्यापैकी कोणी घरचा कर्ता आहे, कोणी शिक्षिका, कोणी सोसायटीचा किंवा पतपेढीचा पदाधिकारी, कोणी धर्मग्राम मंडळाचा सभासद. प्रत्येकाच्या हातात लहानसा कर्णा आहे. या उपवासकाळात मांसाहार वर्ज्य करण्याबरोबर चार गोष्टी पाळून पाहू या.

१. निर्णय सांगताना कारणही सांगू. मुलांनाही.
२. निर्णय बदलला तर बदलला असे स्पष्ट सांगू, आणि का तेही.
३. बोलण्याआधी विचारू, हे ज्याला सर्वांत जड जाणार आहे तो कोण? त्याच्याशी आधी बोलू.
४. आलेला निरोप खरा आहे हे ठाऊक नसेल तर तो आपल्या फोनवरच थांबवू.

घरात दुखणाईत असेल त्याच्याशीही असेच सरळ बोलू. आजार लपवून ठेवला तर त्याला पापनिवेदन करण्याची, तैलाभ्यंग घेण्याची, लेकरांचा निरोप घेण्याची संधी मिळत नाही. टाळेबंदीत पुष्कळांना ती मिळालीच नाही. वीस माणसांत दफनविधी झाले, जपमाळ फोनवरून झाली, काहींचे तोंडही घरच्यांना पाहता आले नाही. ज्या घरांत ही जखम अजून ओली आहे त्यांना आम्ही सांगू इच्छितो की तुमचा राग घेऊन वेदीपाशी या. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला प्रभू सांगतो. पण ज्याच्याशी समेट करायचा त्याचे नावही ठाऊक नसेल, तो एखाद्या कार्यालयातला न पाहिलेला माणूस असेल, तर तो राग प्रभूच्या हाती द्या. त्याचे काय करायचे हे तो जाणतो.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, तू पित्याचा शब्द आहेस आणि तुझ्या ठायी कपट नाही. संकटकाळी ज्यांना लोकांशी बोलावे लागते त्यांना सत्य सांगण्याचे धैर्य आणि गरिबाचे ऐकण्याचे कान दे. आमच्या जिभेला सरळपणा आणि आमच्या रागाला न्यायाची वाट दे. ज्यांना निरोप न घेता जावे लागले, ज्यांची नोंद कोठेच झाली नाही, त्यांना तू नावाने हाक मार आणि तुझ्या घरी विसावा दे. आमेन.