प्रमाणपत्राचे प्रामाण्य

‘प्रमाणपत्र’ हा शब्द कार्यालयीन व्यवहारात इतका रुळला आहे की त्याच्या पोटातले ‘प्रमाण’ सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भारतीय तर्कशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन: डोळ्यांनी पाहून कळते ते प्रत्यक्ष, धुरावरून अग्नी ओळखावा ते अनुमान, आणि विश्वासार्ह माणसाने सांगितल्यामुळे कळते ते शब्दप्रमाण. प्रमाणपत्र उघडच या तिसऱ्या प्रकारात मोडते, कारण ते वाचणाऱ्याने स्वतः काही पाहिलेले नसते. ज्याने पाहिले असे मानले जाते त्याच्या शब्दावर तो विसंबतो. म्हणून प्रकल्प व्यवस्थापनातील मानके आणि प्रमाणपत्रे यांची चर्चा नोकरी-बढतीच्या हिशेबापाशी थांबत नाही. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा आधार कोणता, या जुन्या प्रश्नापर्यंत ती जाऊन पोहोचते.

बदलापूर पूर्वेतील शिरगाव, कात्रप, आपटेवाडी या भागांत उभ्या राहणाऱ्या इमारतींकडे पाहिले म्हणजे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे ते कळते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे सदनिका नोंदवणारे कुटुंब इमारत पुरी होण्याआधीच कर्जाचे हप्ते भरू लागते, आणि त्याच्या पैशाचे रक्षण बहुतांशी इतरांच्या सह्यांवर सोपवलेले असते. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याची महाराष्ट्रातील अंमलबजावणी 2017 पासून महारेरा हे नियामक प्राधिकरण करते, असे सांगतो की ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी, आणि तीतून पैसे काढायचे तर ते झालेल्या कामाच्या प्रमाणातच आहेत, हे अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांनी प्रमाणित करावे. वास्तुविशारदाने भरावयाच्या नमुन्यात खोदाई, जोते, स्लॅब, आतल्या भिंती, गिलावा, फरशी अशा एकेका कामापुढे टक्केवारीचा रकाना असतो, आणि त्यातल्या आकड्यांच्या आधाराने पैसा हलतो. 2023 पासून तर सदनिका विकून देणाऱ्या एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा लागू झाली आहे.

व्यवस्थापकाच्या पात्रतेचे प्रमाणपत्र त्या मानाने जुने आहे. अमेरिकेत 1969 साली स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेने 1984 पासून या विषयाची परीक्षा सुरू केली, आणि ‘पी.एम.पी.’ हे तिचे प्रमाणपत्र आज भारतातही बायोडेटात अभिमानाने लिहिले जाते. पदवीधर उमेदवाराकडे प्रकल्प चालवण्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचे शिक्षण असावे, तो परीक्षेत उत्तीर्ण व्हावा, आणि पुढे दर तीन वर्षांत 60 गुणांकांइतका अभ्यास करून त्याने ते प्रमाणपत्र जिवंत ठेवावे, अशी त्याची रचना आहे. जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि सचोटी या चार मूल्यांवर उभी असलेली आचारसंहिताही त्याला मान्य करावी लागते.

आता प्रमाण देणाऱ्याला प्रमाण कोणाचे? व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आय.एस.ओ. 17024 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते पाळले जाते की नाही हे तपासणाऱ्या अधिमान्यता संस्थांसाठी 17011 हे आणखी एक मानक आहे. आणि त्या संस्थाही एकमेकींची तपासणी करतात. मीमांसकांनी ज्याला अनवस्था म्हटले, म्हणजे एका आधाराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असा कोठेच न थांबणारा आधारांचा शोध, तो येथे समोर उभा राहतो. कुमारिल भट्टांनी यावरून असा सिद्धान्त मांडला की ज्ञान हे स्वतःप्रमाण असते, म्हणजे विरुद्ध पुरावा येईपर्यंत ते खरेच धरावे लागते, एरवी कोणतेही ज्ञान कधीच पक्के होणार नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे पटले नाही. त्यांच्या मते ज्ञानाचे खरेपण बाहेरून, त्याच्या आधारे केलेल्या कृतीच्या यशावरून कळते. दिसले ते पाणीच होते, हे तहान भागली म्हणजे ठरते. बांधकामाच्या बाबतीत नैयायिकांचीच बाजू अधिक सबळ वाटते, कारण गच्चीच्या जलरोधक कामाविषयीचा अखेरचा निवाडा शिरगावातला पहिला पावसाळाच करतो. पण कुटुंबाचे पैसे त्याच्या कितीतरी आधी गेलेले असतात, आणि तोवर त्याला कुमारिलांच्याच मार्गाने जावे लागते, ही या व्यवहारातली खरी अडचण आहे.

शेजारच्या अंबरनाथमध्ये वालधुनीच्या काठी उभे असलेले शिवमंदिर पावसाळ्याच्या या कसोटीला उतरलेले आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील, शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधील शिलालेख तेथे आहे. गर्भगृहावरचे शिखर ढासळले असले तरी काळ्या दगडातल्या भिंती आणि त्यांवरचे कोरीव काम साडेनऊशेहून अधिक पावसाळे सोसून टिकले आहे. हे मंदिर भूमिज शैलीचे आहे, आणि त्या शैलीचे विवेचन ज्या ‘समराङ्गणसूत्रधार’ ग्रंथात येते तो माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर, म्हणजे त्याच अकराव्या शतकातला आहे. त्या ग्रंथात स्थपतीची, म्हणजे बांधकामाच्या मुख्य सूत्रधाराची, लक्षणे सांगताना शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील अशा चार गोष्टी मागितल्या आहेत. शास्त्र जाणणारा पण कर्म न केलेला माणूस प्रत्यक्ष कामापुढे, भित्रा रणांगणात गांगरावा तसा गांगरतो, आणि कर्म जाणणारा पण शास्त्र न जाणणारा, आंधळ्याने दुसऱ्याच्या हाताने चालावे तसा चालतो, असे त्यातले निरीक्षण आहे. आजच्या अटींशी ही यादी ताडून पाहावी. शास्त्राची परीक्षा घेतली जाते, कर्माचे महिने मोजले जातात, प्रज्ञेचा अंदाज प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांवरून बांधला जातो. शील मात्र उमेदवाराने मान्य करून सही करण्यापुरते उरते, आणि यात संस्थांचा दोष काढणेही न्याय्य नाही, कारण शील प्रश्नपत्रिकेत मावत नाही.

तरीही प्रमाणपत्राचा सारा भार शीलावरच आहे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाची, व्याख्या करताना दोन गोष्टी मागितल्या आहेत: त्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान असावे, आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची इच्छा असावी. या दोन्ही गोष्टी का लागतात ते बांधकामात दिसते. स्लॅब ओतताना त्याच काँक्रीटमधून 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवतात, ते पाण्यात मुरवतात, आणि 28 दिवसांनी यंत्राखाली दाबून त्यांची ताकद मोजतात. प्रयोगशाळेच्या अहवालातला आकडा अचूक असतो. पण तो ठोकळा त्याच स्लॅबच्या मालातून भरला, की काळजीपूर्वक वेगळ्या कालवलेल्या मालातून, हे यंत्राला कळत नाही. ते फक्त तेथे उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असते. मानक जितके बारकाईने लिहावे तितके हे एक स्थान अधिकच ठळक होते, कारण प्रत्येक रकान्याच्या मुळाशी कोणीतरी एकट्याने पाहिलेले काहीतरी असते.

वात्स्यायनाचे पुढचे म्हणणे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ असो, आप्ताचे लक्षण सर्वांना सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट सांगतो. शब्दाचे प्रामाण्य सांगणाऱ्याच्या दर्जावर अवलंबून नाही. या न्यायाने पाहिले तर स्लॅबच्या दिवशी मिक्सरपाशी उभा असलेला मुकादम, ज्याने मालात पाणी किती पडले ते स्वतः पाहिले आणि जो विचारल्यास ते तसेच सांगेल, तो आप्त आहे, मग त्याच्याकडे कोणतेही प्रमाणपत्र नसो. आणि त्या दिवशी जागेवर न आलेला सुशिक्षित अभियंता त्या गोष्टीपुरता आप्त नाही. पैसे काढण्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांवर अभियंत्याच्या सहीला जागा आहे, वास्तुविशारदाच्या आणि लेखापालाच्या सहीलाही आहे. मुकादमाने काय पाहिले हे विचारणारा रकाना त्यांत नाही.