वाट आणि वाटा

डोंगरात सायकल चालवणाऱ्याला एखादी नवी वाट सापडली, की उतार संपायच्या आतच एक प्रश्न समोर येतो: हे कोणाला सांगायचे? पूर्वी या प्रश्नाला फारसे वजन नव्हते. सांगून सांगून चार मित्रांना सांगणार, त्यातले दोघे येणार. आता हँडलवरचे यंत्र वळणावळणाची नोंद ठेवते आणि आपण घरी पोचण्याआधी ती कोणालाही दिसू शकते. सांगणे इतके सोपे झाले आहे की न सांगायचे तर तेच वेगळे ठरवावे लागते. म्हणून या प्रश्नाचा विचार नीतीचा प्रश्न म्हणून करायला हवा.

मराठीत 'वाट' आणि 'वाटणे' हे शब्द शेजारी राहतात. वाटेचे अनेकवचन 'वाटा', आणि प्रत्येकाच्या हिश्श्याला येतो तोही 'वाटा'. दिल्याने विद्या वाढते, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते. त्यामुळे एखादी चांगली गोष्ट स्वतःपाशी ठेवणे हा कंजूषपणा वाटतो. पण वाट ही विद्या आहे की जमीन? वाटेची माहिती विद्येसारखी असते. हजारांना दिली तरी देणाऱ्याकडची कमी होत नाही. खुद्द वाट मात्र जमीन असते, आणि जमीन झिजते. सांगताना आपण माहिती देतो, खर्च होते ती माती.

ती कशी खर्च होते हे नीट पाहण्यासारखे आहे. उतारावर ब्रेक आवळून मागचे चाक फरपटले की मातीवर चर उमटतो. पावसाचे पाणी त्या चरातून धावते, कारण पाण्यालाही सोपी वाट हवी असते. चर खोल होतो, झाडांची मुळे उघडी पडतात. पुढचा सायकलवाला ते चुकवायला कडेच्या गवतावरून जातो, आणि हातभर रुंदीची वाट पसरत जाते. जाणकार लोक वाट मुद्दाम आखतात तेव्हा तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त ठेवत नाहीत, आणि अधूनमधून ती थोडी वर उचलतात, म्हणजे पाणी तिथे बाजूला उतरून जाते. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा अशा आखलेल्या नाहीत. त्या गुरांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी पडल्या आहेत. चाकाचा भार त्यांच्या हिशेबात कधी नव्हता.

माउंटन बाइकच्या इतिहासात वाटण्याचे बरे आणि वाईट दोन्ही परिणाम एकाच डोंगरावर पाहायला मिळतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीत, माउंट टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. १९७०च्या दशकात तिथली तरुण मंडळी जाड टायरांच्या जुन्या सायकली वर चढवून नेत आणि खाली सोडत. फेअरफॅक्स गावाजवळ, वणवा विझवायला जाण्यासाठी काढलेल्या एका कच्च्या रस्त्यावर, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस धूर होऊन जाई आणि खाली आल्यावर नवे भरावे लागे. त्यावरून त्या उताराचे नाव पडले 'रीपॅक'. तिथे जमणाऱ्यांपैकी जो ब्रीझने १९७७मध्ये याच कामासाठी सायकलीचा सांगाडा बनवला. चार्ली केली आणि गॅरी फिशर यांनी १९७९मध्ये अशा सायकली विकायला सुरुवात केली. एका टोळक्याचा खेळ जगाचा झाला तो असा. त्यांनी तो स्वतःपुरता ठेवला असता तर आज आपल्याकडे हा प्रश्न विचारायलाही कोणी नसते.

पण त्याच डोंगरावर सायकली वाढल्या तसे पायी चालणारे आणि घोड्यावरून जाणारे कुरकुरू लागले. अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या आणि कित्येक दशके बंद राहिल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आली, आंधळ्या वळणावर ५ मैलांची. खेळ जगभर गेला आणि जन्मगावी त्याला वाटेसाठी भांडावे लागले.

यावरून बरेच जण एक सरळ निष्कर्ष काढतात: सांगूच नका. या विचाराला आपल्याकडे जुना आधार आहे. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर अळंबी उगवतात. त्या काढणारी माणसे टोपलीभर अळंबी विकतील, पण कुठे मिळाल्या ते विचारू नये आणि त्यांनी सांगू नये, अशी रीत आहे. तिथे गुपित हेच कुंपण असते. ज्याचे पोट त्या चार दिवसांच्या मिळकतीवर आहे त्याने जागा लपवली तर त्याला कोण नावे ठेवील?

सायकलवाल्याने हीच रीत उचलली तर मात्र दोन अडचणी येतात. पहिली न्यायाची. गुपित ओळखीच्या माणसांतच फिरते. शहरातल्या ज्या गटाकडे चांगल्या सायकली आहेत, त्या नेण्यासाठी गाड्या आहेत, त्या गटात वाट फिरत राहते. तालुक्याच्या गावी राहणारी, साध्या सायकलवरून कॉलेजला जाणारी एखादी मुलगी त्या गटात नसते. तिला वाट कळते ती उघड नकाशावरूनच. 'जागा खराब होते' असे आपण म्हणतो तेव्हा कधी कधी 'आपल्यासारखी नसलेली माणसे येतात' एवढेच म्हणायचे असते. हे तपासून पाहायला हवे.

दुसरी अडचण वाटेचीच आहे. न वापरलेली वाट टिकत नाही. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटवाटांवरून एके काळी धान्य, मीठ, गुरे जात. गाडीरस्ते झाले, बाजार हलला, आणि त्यांतल्या कितीतरी वाटा कारवीत बुडाल्या. फार पाय पडले की वाट झिजते, पाय पडलेच नाहीत की मोडते. लपवून ठेवलेली वाट या दुसऱ्या मरणाकडे जाते.

मग अडते कुठे? मला वाटते, 'नवी' या शब्दापाशी. वाट नवी कोणाला? सह्याद्रीत ज्या वाटेवरून चाक जाऊ शकते तिथून बहुधा आधी कोणाची तरी गुरे गेलेली असतात. धनगरवाड्यावरची मुले त्याच वाटेने शाळेला उतरतात, बायका त्याच वाटेने मोळ्या आणतात. टॅमल्पायसच्या परिसरातही या खेळाच्या कितीतरी आधीपासून मिवोक लोक राहत होते. आपल्याला सापडते ती वाट हरवलेली नसते.

यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे: वहिवाट. वापरातून जन्मणारा हक्क. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जाण्यायेण्याचा वापर उघडपणे, शांततेने आणि अखंड २० वर्षे चालला तर त्यातून हक्क निर्माण होतो. जमीन दुसऱ्याची असली तरी. मालकी नाही, शोध नाही, फक्त चालत राहणे. याच्या शेजारी स्ट्रावासारख्या अॅपवरची पद्धत ठेवून पाहा. तिथे एकदा गेलेला माणूसही वाटेचा एक तुकडा निवडून त्याला हवे ते नाव देऊ शकतो, आणि मग त्या नावाखाली सगळ्यांच्या वेळा लागतात. वीस वर्षे पाणी वाहून नेणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत येत नाही. ज्याची वहिवाट नाही त्याने वाट वाटायला काढावी, खरा प्रश्न इथे आहे. सांगण्याचा आनंद खोटा नसतो. पण सांगणारा जे वाटतो आहे त्यात त्याचा वाटा फार थोडा असतो.

याचे उत्तर गुपितात नाही, हे देवराईकडे पाहून कळते. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, त्यात दिसणारी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. देवराई गुप्त नसते. ती कुठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असते, पाहुण्यालाही सांगितले जाते. पण जागा सांगणारा त्याच दमात बंधनही सांगतो: इथली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही. जागेची माहिती आणि जागेचा नियम एकत्रच दिले जातात. जिथे जिथे ते बंधन सैल झाले तिथे कुऱ्हाड पोचली. जागा माहीत होतीच, नियम तेवढा गळून पडला होता.

नकाशावरची रेघ नेमके हेच करते. ती जागा देते आणि नियम गाळते. कुठे वळायचे ते सांगते. पण पावसाचे चार महिने आणि वाफसा येईपर्यंत इथे चाक घालू नये, हे सांगत नाही. पायी माणसाला, डोक्यावर ओझे असलेल्या बाईला, गुरांना आधी वाट द्यावी; उतरणाऱ्याने चढणाऱ्यासाठी थांबावे; खालच्या वाडीतून जाताना चाक हळू करावे, कारण तिथे वाट आणि अंगण एकच आहे, हे ती सांगत नाही. जुन्या काळी वाटाड्या सोबत असे. तो वाट दाखवी आणि तिथे कसे वागायचे तेही दाखवी. नकाशाने त्याचे अर्धे काम उचलले आहे. उरलेले अर्धे सांगणाऱ्याच्या अंगावर येते.

म्हणून वाट सांगावी, पण सुटी रेघ म्हणून सांगू नये. आधी आपण एका दुसऱ्या ऋतूत पुन्हा जाऊन यावे. पहिल्या पावसाने आपल्या चाकाच्या चराचे काय केले ते पाहावे, लागले तर फावडे घेऊन जावे. मग कोणाला तरी सोबत न्यावे, आणि त्याने पुढच्याला. हे संथ होईल. पण वाटेला सावरायला वेळ लागतो, तेवढा तरी तिला मिळेल.

आणि सगळ्या जगाला सांगायचेच असेल, तर त्याआधी एका माणसाला सांगून पाहावे. वाट जिथे वाडीत उतरते तिथल्या पहिल्या घरी थांबावे, पाणी मागावे आणि म्हणावे, 'दादा, ही वाट मी लोकांना दाखवणार आहे. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी वीस-पंचवीस सायकली इथून उतरतील. चालेल का?' तो कदाचित हसून 'येऊ द्या की' म्हणेल. कदाचित म्हणेल, 'भात कापून होऊ द्या, मग या.' किंवा म्हणेल, 'त्या खिंडीतून नका, तिथे गाभण म्हशी बसतात, वरच्या अंगाने या.' त्याचे उत्तर काहीही असो, नकाशावर रेघेसोबत तेही लिहावे. आणि हा प्रश्न त्याच्या तोंडावर विचारायला जीभ रेटत नसेल, तर ती वाट दहा हजार अनोळखी माणसांना सांगायची वेळ अजून आलेली नाही.