पाहण्यासारखे काय आहे?

दिवाळीची सुट्टी लागली की कोकणातून आमच्याकडे पाहुणे येत. लालबागच्या चाळीतली आमची एकच खोली. तीत आम्ही घरचे चौघे, आणि वर ही पाच-सहा माणसे. पण जागेची अडचण कुणाला वाटत नसे, कारण पाहुणे खोलीत बसायला आलेलेच नसत. ते ‘मुंबई बघायला’ आलेले असत.

बाबांनी या मुंबईदर्शनाचा क्रम कायमचा ठरवून टाकला होता. सकाळी भायखळ्याची राणीची बाग, दुपारी गेट वे ऑफ इंडिया, उन्हे कलली की मलबार हिलवरचे हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट, आणि दिवेलागणीला गिरगावच्या चौपाटीवर भेळ. दुमजली बसमध्ये वर, अगदी पुढची जागा मिळाली की दिवस सार्थकी लागला म्हणायचे. बाबा गिरणीत साच्यावर कामाला होते. आठवड्याची सुट्टी एकच, आणि तीही पाहुण्यांच्या पायी जाई. तरी मुंबई दाखवताना त्यांचा चेहरा असा खुलत असे, की हे शहर जणू त्यांच्याच नावावर आहे!

एका वर्षी चौपाटीवर भेळ खाता खाता माझा दहा-अकरा वर्षांचा आतेभाऊ म्हणाला, “मामा, उद्या तुमची गिरणी दाखवा ना!”

बाबा हसले आणि म्हणाले, “अरे, तिथं काय आहे बघण्यासारखं?”

विषय तिथेच संपला. बाबा आज नाहीत, तो आतेभाऊ आता स्वतः मुलांचा बाप आहे. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी पोटासाठी शाळेत मुलांना शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही, तेव्हा सौंदर्याविषयी पंडितांनी काय लिहून ठेवले आहे ते मला विचारू नका. मला साधाच प्रश्न पडला आहे. पाहण्यासारखे म्हणजे काय, आणि ते ठरवतो कोण?

ज्या गिरण्यांत बाबांना दाखवण्यासारखे काही दिसले नाही, त्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. संपानंतर बाबांना पुन्हा काम मिळाले, पण अनेकांना मिळाले नाही. आणि पुढे एकामागून एक भोंगे कायमचे बंद झाले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज झगमगीत दुकाने आहेत. गावाहून आलेले पाहुणे आता तिथे आवर्जून जातात, आणि जुन्या चिमणीखाली उभे राहून फोटो काढून घेतात. म्हणजे चिमणीतून धूर निघत होता, खाली माणसे राबत होती, तोवर तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. धूर थांबला, माणसे गेली, आणि जागा प्रेक्षणीय झाली!

हे केवळ गिरणीचेच आहे असे नाही. हँगिंग गार्डनचे घ्या. सर फिरोजशहा मेहतांचे नाव दिलेली ही बाग गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, 1880च्या सुमारास तयार झाली. कात्रीने कापून झुडपांचे केलेले हत्ती आणि उंट पाहण्यात आम्हा मुलांचा तास निघून जाई. पण त्या हिरवळीखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे, बाग हे त्या साठ्याचे नुसते झाकण आहे, ही गोष्ट मला मोठेपणी कळली. दक्षिण मुंबईच्या नळांना तिथून पाणी जाते. मुंबईला येणाऱ्या पाण्यातला मोठा भाग तानसा, भातसा आणि मोडकसागर या तलावांचा. हे तलाव ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसतात. आम्ही उंट पाहिला. उंटाखालचे पाणी पाहिले नाही, आणि पाण्यामागचा पाडा तर नाहीच नाही.

आता वाचक म्हणतील, “मास्तर, चार दिवस सुट्टीवर आलेल्या माणसाच्या डोक्यावर हे ओझे कशाला? त्याने दोन घटका आनंद घेऊच नये का?” आक्षेप खरा आहे. वर्षभर शेतात नाही तर कचेरीत मान मोडून काम करणारा माणूस समुद्र पाहायला येतो, त्याच्या हातात हिशेबाची वही देणे हा दुष्टपणाच होईल. शिवाय कष्ट ‘दाखवण्याचा’ प्रकारही आपल्याकडे झाला आहे, आणि तो काही फार शोभिवंत नाही. महालक्ष्मीच्या पुलावरून खालचा धोबीघाट पाहायला देशोदेशींचे प्रवासी उभे असतात. खाली माणूस कमरेएवढ्या कष्टात बुडालेला, आणि वर कॅमेरे. कपडे आपटणाऱ्याने मान वर करून पाहिले तर वरचा माणूस क्षणभर ओशाळतो आणि पुढे चालू लागतो. माझ्या बाबांच्या साच्यापुढे असे कुणी उभे राहिले असते तर मला ते आवडले नसते. मग बाबांनी गिरणी दाखवली नाही तेच योग्य झाले, असे म्हणायचे काय?

या कोड्याशी मी पुष्कळ दिवस झगडत होतो. त्याचे उत्तर मला कुठल्या ग्रंथात मिळाले नाही. ते आईकडून मिळाले, आणि तेही माझी मान खाली घालायला लावून.

वर सांगितलेल्या सहलींत आई कधीच नव्हती. आम्ही रात्री दमूनभागून परतत असू तेव्हा दहा माणसांच्या भाकऱ्या तयार असत. त्या कुणी थापल्या, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नाही. गिरणीकडे आणि पाड्याकडे कुणी पाहत नाही म्हणून जगाला बोल लावणारा मी, माझ्या घरच्या चुलीकडे मी तरी कुठे पाहिले होते? गेल्या वर्षी बोलता बोलता कळले की लालबागेत जन्म काढलेल्या या बाईने घारापुरी पाहिलेली नाही. त्याच आठवड्यात मी तिला घेऊन गेलो.

गेट वेहून लाँचने तासाभरात बेटावर पोहोचलो. वर लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्चीची डोली मिळते, चौघे जण खांद्यावर वाहून नेतात. मी डोली ठरवू लागताच आई म्हणाली, “चौघांच्या खांद्यावर जायचंच आहे एकदा. जिवंतपणी कशाला?” आणि दर दहा पायऱ्यांवर बसत बसत ती चढली. डोलीवाल्यांपैकी एकाला मात्र तिने विचारून घेतले, की दिवसाला किती खेपा होतात आणि खांदे रात्री दुखतात का.

महेशमूर्तीपुढे, सुमारे वीस फुटी त्या तीन शांत मुखांपुढे, आई पुष्कळ वेळ उभी राहिली. हे काम सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे, 1987 साली ही लेणी जागतिक वारशात गेली, वगैरे माहिती मी मास्तरी थाटात सांगितली. तिने हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “एवढा डोंगर कोरायला किती माणसं लागली असतील रे! आणि त्यांचा स्वयंपाक कोण करत असेल?”

मी गप्प राहिलो. तिचा आनंद तिळभरही कमी झाला नव्हता. उलट मूर्ती पाहून तिचे डोळे भरले होते. पण तिच्या त्या आनंदात छिन्नीवाला होता आणि त्याच्यासाठी चूल फुंकणारीही होती. पुलावरचा माणूस कष्ट पाहतो आणि पुढे जातो. आई कष्ट करणाऱ्याची विचारपूस करते. पाहण्यात आणि पाहण्यात फरक आहे तो एवढाच. विचारपूस म्हणजे ओझे नव्हे. ती आनंदाचीच दुसरी बाजू आहे.

या दिवाळीत आतेभावाची मुले मुंबई बघायला येणार आहेत. राणीची बाग, गेट वे, चौपाटी, सारे ठरल्याप्रमाणे होईल. एकच बदल मी केला आहे. त्या दिवशी भाकऱ्या आदल्या रात्री आम्ही सगळे मिळून करणार आहोत, आणि दुमजली बस मिळाली तर वरची पुढची जागा आईची.