बियाण्याचे धान्य

ज्या विद्येने घरची चूल पेटत नाही, तिच्यापायी उमेदीची पाच-सहा वर्षे वेचण्याचा अधिकार गरिबाच्या मुलाला आहे काय? प्रश्न कठोर आहे. परंतु जालना जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू गावचा मुलगा पदार्थविज्ञानाचा एम्. एस्सी. होऊन ‘मी प्रतिद्रव्यावर संशोधन करणार’ असे घरी सांगेल, तेव्हा तो टाळता यावयाचा नाही. कापसापायी काढलेले कर्ज फिटलेले नसते, बहिणीचे लग्न व्हावयाचे असते. आणि चिरंजीव ज्याच्या मागे लागले आहेत त्या द्रव्याचा आपल्या द्रव्याशी संयोग होताच दोहोंचाही लोप होतो!

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. १९२८ साली डिरॅक यांनी एक समीकरण मांडले. त्यातून सूचित झालेला पॉझिट्रॉन १९३२ साली अँडरसन यांना विश्वकिरणांत आढळला. पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले असता कसे विखुरतात, याचे गणित लवकरच आपल्या होमी भाभांनी केले, व त्या क्रियेला आज त्यांचेच नाव आहे. प्रतिहायड्रोजनाचा अणू पृथ्वीकडे खालीच पडतो, वर उडत नाही, हे जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेतील प्रयोगाने २०२३ साली दाखविले. एवढे कळण्यासाठी केवढा हा खटाटोप, असे कोणी म्हणेल.

यावर एक ठरीव उत्तर दिले जाते: पॉझिट्रॉनमुळेच आज कर्करोगाचा शरीरातील ठाव घेता येतो. हे खरे आहे. पण समर्थन म्हणून मला ते पुरेसे वाटत नाही. डिरॅक यांच्यापुढे कोणी रोगी नव्हता, आणि आजचा संशोधकही तसे वचन देऊ शकत नाही. न दिसणाऱ्या नफ्याच्या भरवशावर पैसा मागणे हे विद्येला शोभत नाही.

अधिक चांगले उत्तर जालन्यातच सापडते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी काढली आणि हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. त्याही पूर्वीपासून शेतकऱ्याच्या घरी एक रीत आहे: दुष्काळ पडला तरी बियाण्याच्या धान्याला हात लावावयाचा नाही. समाजानेही आपल्या कणगीतील काही दाणे असे बाजूला ठेवावे लागतात. फरक इतकाच, की ज्ञानाच्या दाण्यातून कोणते रोप येईल, किंबहुना येईल की नाही, हे पेरणारा जाणत नाही. तरी जो समाज केवळ आजच्या भाकरीपुरतेच जाणून घेतो, तो उद्या दुसऱ्याच्या दारी बियाणे मागावयास जातो.

मात्र हे दाणे कोणाच्या कणगीतून काढावयाचे? भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले ते यंत्रशास्त्र शिकण्यासाठी. पुढे त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. मुलाचा ओढा पाहून, यंत्रशास्त्रात प्रथम वर्ग मिळाल्यास गणिताचा पुढील खर्च करू, असे वडिलांनी कबूल केले. ती कणगी भरलेली होती. अंबड-भोकरदनच्या बापाला तसे कबूल करता येत नाही, आणि त्याने करावे असे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. तो भार सर्वांचा आहे. कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती २०२३ साली दरमहा ३७,००० रुपये झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून जपानातील इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन प्रयोगापर्यंत वाट जाते. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. यांस उपकार समजू नये. बियाणे राखण्याचा तो सार्वजनिक खर्च होय, आणि म्हणूनच तो वेळेवर हाती पडला पाहिजे.

त्या मुलावरही एक ऋण राहते. सुट्टीत घरी आल्यावर आईने विचारले, ‘काय रे, तिकडे तू करतोस तरी काय?’ तर ‘तुला कळणार नाही’ असे त्याने म्हणू नये. तिच्या भाषेत, तिला पटेपर्यंत सांगावे.