समुद्राविना बेटे

बेट म्हटले की चहूकडे खारे पाणी असावयाचेच, ही शाळेतील भूगोलाने रुजविलेली कल्पना वनस्पतीच्या दृष्टीने अपुरी आहे. कारण ज्या बीजाला सभोवतालच्या भूमीत रुजता येत नाही, त्याला ती भूमी आणि महासागर ही दोन्ही सारखीच दुस्तर असतात. बंगळूरच्या आसमंतात सावनदुर्ग, शिवगंगा, रामनगर, नंदी अशा ज्या उघड्या कातळांच्या टेकड्या सपाट पठारातून एकाएकी उभ्या राहिल्या आहेत, त्या या अर्थाने बेटेच होत. आणि हवामानबदलाने बेटांवरील मूळच्या वनस्पतींची काय गत होते हे जाणून घेण्यासाठी शहाजीराजांच्या या जुन्या जहागिरीत राहणाऱ्या मराठी माणसाला दूर देशी जाण्याचे प्रयोजन नाही.

सावनदुर्गाचा माथा १२२६ मीटर उंच आहे. पावसाळ्यात त्या प्रचंड शिळेच्या उतारावर जेथे पाणी झिरपत राहते, तेथे गुडघे टेकून पाहावे, म्हणजे बोटभर मातीच्या थरावर नांदणारी एक सृष्टी दृष्टीस पडते: केसागणिक चिकट थेंब धरून चिलटांना अडकविणारा दवबिंदू, सीतेच्या आसवांच्या कुळातील इवली फुले, गेंदाची पांढुरकी बोंडे. झिरप आटला की बी टाकून ही सारी मंडळी नाहीशी होतात. शेजारच्या कोरड्या कातळावर संजीवनीच्या जातीच्या वनस्पती उन्हाळाभर तपकिरी मुठी आवळून पडलेल्या असतात आणि पावसाने चिंब भिजल्यावर काही तासांत उलगडून हिरव्या होतात. वैशाखात ज्या शिळेवर तळवा टेकवत नाही, त्या शिळेवर जगणाऱ्यांचे एखाद्या अंशाच्या उष्णतेने काय बिघडणार, असे कोणी विचारील. त्यांचे बिघडते ते मुख्यतः पावसाच्या रीतीमुळे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते, आणि म्हणून पावसाचा कल थोड्या अवधीत पुष्कळ कोसळण्याकडे व मधल्या उघडिपी लांबविण्याकडे होतो. कोसळत्या पावसात दीर्घकाळ साठत आलेली ती बोटभर माती एका दुपारी वाहून जाऊ शकते. लांबलेल्या उघडिपीत बी धरण्यापूर्वीच झिरप आटतो. संजीवनीची हानी याहून सूक्ष्म आहे. सुकून पुन्हा उठताना तिला पेशींची डागडुजी करावी लागते, तो खर्च शरीरातील संचितातून भागतो, आणि ओल पुरेशी टिकली तरच सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तो भरून निघतो; तुटक सरींनी तिला वारंवार जागवून लागलीच वाळविले, तर तिच्या खात्यात दर वेळी जमेपेक्षा नावे अधिक पडते.

नंदीदुर्गाचे दुखणे निराळे आहे. त्याची उंची १४७८ मीटर, बंगळूरची सुमारे ९२०. हजार मीटर वर चढले की उष्णता साधारण साडेसहा अंशांनी उतरते. उलटपक्षी हवा एका अंशाने तापली, तर पूर्वीचा गारवा मिळविण्यास वनस्पतीला सुमारे दीडशे मीटर वर सरकावे लागते. १८५०–१९०० च्या मानाने २०११–२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १.१ अंशाने वाढलेले होते. नंदीच्या माथ्यावर धुक्याने पोसलेली जी सदाहरित झाडी आहे, तिला वर सरकावयास आकाशावाचून दुसरी जागा नाही. आणि नुसत्या राखणीने असले दुखणे टळत नाही, हे समुद्रातील बेटांवरही दिसले आहे. हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावर रुपेरी पानांची सिल्व्हरस्वर्ड नावाची वनस्पती गुराढोरांपासून व पर्यटकांपासून संरक्षण लाभल्यामुळे विसाव्या शतकात नामशेष होता होता सावरली, आणि १९९० नंतर, विशेषतः पर्वताच्या खालच्या टप्प्यांत, हवा कोरडी पडू लागल्याने पुन्हा खचली. कुंपणाने गुरे अडली. कोरडेपणा अडला नाही.

मात्र हवामान पूर्वीही पालटलेच होते, हा आक्षेप यथार्थ आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. येथल्याच भारतीय विज्ञान संस्थेतील रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलगिरी पर्वतावरील पीटच्या थरांतील कार्बन तपासून १९९३ मध्ये दाखविले की, गेल्या सुमारे वीस हजार वर्षांत कोरड्या व ओल्या काळांबरोबर तेथील वनस्पतींचे स्वरूप बदलत आलेले आहे. पण त्या काळी बदल संथ होता आणि वाटा मोकळ्या होत्या. टेकडीटेकडीमधील माळ, खुरटी झुडपे, ओढ्याकाठची राई यांच्या आश्रयाने पाखरे आणि वारा बीज पुढे नेत. नंदीवर आजही पिवळ्या गळ्याचा बुलबुल आढळतो, आणि मूळचे घाटातले निलगिरी रानकबूतरही. फळे खाणाऱ्या या पाखरांना उतरावयास जागा मात्र उत्तरोत्तर उरत नाही. वसाहती, दगडखाणी आणि निलगिरी वृक्षांच्या एकसुरी लागवडी यांनी मधल्या भूमीचा अक्षरशः समुद्र केला आहे. माझे म्हणणे एवढेच की, उष्णतेचा आघात जगभरातून येत असला तरी त्यातून निसटण्याची वाट आपण येथे, स्वहस्ते बंद करीत आहोत. आणि म्हणून तिची जबाबदारीही येथलीच आहे.

याला महसुली दप्तराचे साहाय्य झाले आहे. जेथे नांगर चालत नाही तो कातळ खराब्यात नोंदला जातो, आणि ज्या भूमीपासून सारा मिळत नाही तिच्यावर खाणपट्ट्याचा परवाना देणे किंवा वृक्षारोपण करणे ही तिची सुधारणा समजली जाते. वृक्षारोपण करणाऱ्यांच्या सद्भावाविषयी मला आदर आहे. परंतु कातळावर व त्याच्या पायथ्याच्या गवतावर खड्डे खणून रोपे लावणे हा त्या स्थळाचा विध्वंस आहे. हवेतील वाढता कर्बवायू मुळातच गवतापेक्षा झुडपांना अधिक मानवतो, घाणेरी तर सर्वत्र माजलेली आहेच. त्यात आपण सावलीची भर घातली, तर उन्हावाचून न जगणारा दवबिंदू जावा कोठे? आपल्याकडे कासच्या सड्याला २०१२ साली सह्याद्रीबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि वायतुऱ्यासारख्या मोजक्या सड्यांवरच उगवणाऱ्या फुलाचे माहात्म्य लोकांना कळू लागले. बंगळूरच्या कातळांना अशी दृष्टी लाभावयाची आहे.

खालच्या टेकडीवरील रोपे उचलून उंच टेकडीवर लावावी, असाही एक उपाय सुचविला जातो. मला तो घाईचा वाटतो, कारण प्रत्येक टेकडीवर तिच्या एकांतात घडलेला वंश आहे, आणि पाहुण्याने घरधन्याला हुसकावल्याची उदाहरणे बेटांच्या इतिहासात विपुल आहेत. त्याआधी करण्याजोगे काम साधे आहे आणि या विद्यानगरीतील कोणत्याही महाविद्यालयाला झेपणारे आहे. सावनदुर्गाच्या एका उतारावर दरसाल झिरप कोणत्या दिवशी सुरू झाला, केव्हा आटला आणि दवबिंदूने बी धरले की नाही, एवढी नोंद वीस वर्षे नेमाने ठेवली गेली, तर खराब्याच्या रकान्यातील त्या भूमीची बाजू सरकारदरबारी मांडताना हाती पुरावा राहील.